काळ्या हँडलचे दोन फेरे

(डेअरीतली फिल्टरची खोली. निवृत्त होण्याआधी आजी इथेच कामाला होती. आता तिचा मुलगा, म्हणजे मामा, इथे काम करतो. भाची भिंगरी, वय वर्षं नऊ, उलट्या बादलीवर बसली आहे.)

आजी: तर आता डोळे मिट. मिटलेस? समज, तू छोटी झालीस, इतकी छोटी की दुधाचा एक थेंब तुला तळ्याएवढा वाटतोय. आणि त्या तळ्यात तू पोहतेयस.

भिंगरी: मला पोहता येत नाही.

आजी: थेंबात येतं. आता इकडेतिकडे बघ. काय दिसतंय?

भिंगरी: काही नाही. डोळे मिटलेत ना.

मामा: आई, तुला घरून बोलावून घेतलं ते हिला गोष्ट सांगायला नाही. हा दाबाचा काटा बघ. रोज दीडवर असतो, आज चारवर गेलाय. आणि दुधातून सुटणाऱ्या पाण्याची धार? सकाळी करंगळीएवढी होती, आता सर्दी झालेल्या नाकासारखी टपटपतेय.

भिंगरी: ई, मामा.

आजी: पाहिलं मी आल्याआल्या. धार कमी झाल्यावर तू काय केलंस?

मामा: पंप वाढवला.

आजी: मग?

मामा: धार आणखी कमी झाली.

आजी: मग?

मामा: आणखी वाढवला.

आजी: हा लहानपणापासून असाच, भिंगरी. टूथपेस्ट संपत आली की ट्यूब जमिनीवर ठेवून तिच्यावर उभा राहायचा. झाकण न काढता.

मामा: एकदाच केलं होतं ते. आई, तीन वाजलेत. चार वाजता चीजवाल्या ताई येतील. त्यांना सहा कॅन घट्ट दूध द्यायचंय आणि माझ्या टाकीतलं दूध अजून निम्म्यावरही आटलेलं नाही. बरं, ह्या नळ्या मागच्याच महिन्यात बसवल्यात. तेव्हा डेअरीच्या मॅनेजर मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, ज्याच्या हातून ह्या नळ्या खराब होतील तो दुसऱ्या दिवसापासून कॅन धुवायला. मी सात वर्षं कॅन धुतलेत. अजून झोपेत हात गोल गोल फिरतात माझे.

भिंगरी: खरंच फिरतात. मी पाहिलंय.

आजी: मग ऐक. ते काळं हँडल पूर्ण उघड. पंप अगदी हळू कर. काटा खाली, शून्याजवळ येऊ दे. आणि मग पंधरा मिनिटं काही करू नकोस.

मामा: काही म्हणजे?

आजी: काही म्हणजे काहीही. ते तुला जमणार नाही म्हणून तर मी आलेय.

मामा: हँडल उघडलं की दूध नुसतं गरागरा फिरत राहील, पाणी सुटणारच नाही. घट्ट कधी होणार?

आजी: आत्ता सुटतंय का?

मामा: नाही.

आजी: मग तुझं जातंय काय? उघड.

मामा: उघडलं. काटा तीनवर... दोनवर. अर्ध्यावर आला.

आजी: आता हात खिशात घाल. दोन्ही. भिंगरी, तू डोळे का उघडलेस?

भिंगरी: मामाचे हात बघायला. आजी, हँडल बंद केल्यावर आत काय होतं? म्हणजे कोणी बंद केलं तर.

आजी: चांगला प्रश्न. ह्या स्टीलच्या नळीच्या आत आणखी नळ्या आहेत, आणि त्यांच्या भिंतींना भोकं आहेत. डोळ्यांना दिसायची नाहीत इतकी बारीक. दूध ह्या टोकाने आत शिरतं, भिंतीला घासत घासत पळतं, त्या टोकाने बाहेर पडून पुन्हा टाकीत येतं. पळता पळता भोकांतून पाणी बाहेर जातं, पाण्याबरोबर दुधातली साखर जाते, क्षार जातात. आत काय उरतं?

भिंगरी: जाड माणसं.

आजी: जाड माणसंच म्हण. प्रथिनांचे गोळे. ते भोकात मावत नाहीत. पण जाड म्हणजे किती, तर तुझा एक केस घेतला ना, त्याच्या रुंदीवर असे पाचशे गोळे एका रांगेत बसतील. आणि ते गोट्यांसारखे टणक नसतात, मऊ असतात. एक वाटा प्रथिन आणि त्याच्या तीन-चार पट पाणी, सगळं एका गोळ्यात. अगदी त्या स्पंजसारखं. आण बरं ते बादलीतले स्पंज.

मामा: ते कॅन धुवायचे आहेत.

आजी: तुला त्यांची इतक्यात गरज पडू नये म्हणूनच वापरतेय. तो काचेचा जारही दे. भिंगरी, अर्धा जार पाणी भर आणि तीन स्पंज टाक. हलव. काय करतायत?

भिंगरी: तरंगतायत. फिरतायत. एकमेकांना धक्का लागला तर बाजूला होतायत.

आजी: हे सकाळचं दूध. आता आणखी चार टाक.

भिंगरी: आता हलवलं तरी फिरत नाहीत. खांद्याला खांदा लागलाय.

आजी: आणखी तीन.

भिंगरी: मावत नाहीत, आजी. हं, दाबले तर मावतात. आता सगळे चपटे झालेत. आणि त्यांच्या पोटातलं पाणी वर आलं.

आजी: बघ. आधी गोळ्यांच्या मधलं पाणी जातं. ते संपलं की गोळे एकमेकांना टेकतात. तरीही दाबत राहिलं तर गोळ्यांच्या आतलं पाणी निघतं, मग ते दबतात, वाकडेतिकडे होतात, एकमेकांच्या फटीत शिरतात. मग ते दूध राहतच नाही. खरवडून काढावी अशी जेली होते. आता तुझ्या मामाच्या नळीत ही गर्दी कुठे झाली असेल?

भिंगरी: भिंतीजवळ. सगळ्यांना भोकाकडेच ढकलतायत ना.

आजी: आणि जेवढं जास्त ढकलशील?

भिंगरी: तेवढे ते भोकाला चिकटून बसणार. मग पाणी जाणार कुठून? दारात सगळेच उभे. मामा, तू उलटं केलंस.

मामा: कळलं. आई, हिला तू शिकवतेयस की मला?

आजी: जो ऐकेल त्याला.

मामा: फोन वाजतोय. मॅडम आहेत... हॅलो, मॅडम. हो. हो, नळ्या उत्तम आहेत. नाही, आवाज नाही येत कारण... फिल्टर विश्रांती घेतोय. नाही मॅडम, फिल्टर. मी कामातच आहे. नाही, हात खिशात कोणाचे? कॅमेरा आहे का इथे? नाही, सहज विचारलं. हो, चारला. हो. ठेवतो.

आजी: झालं?

मामा: त्यांना संशय आलाय. त्या म्हणाल्या, काटा चारवर गेल्याचं त्यांच्या ऑफिसातल्या यंत्रावर उमटलंय. हँडल कोणी फिरवलं ते साडेतीनपर्यंत लिहून पाठवा म्हणाल्या. पाठवतोच. मला माहितेय कोणी फिरवलं.

भिंगरी: कोणी?

मामा: शिट्टीवाल्याने. दुसरं कोण? दीड वाजता मी मागच्या दारी ट्रक उतरवायला गेलो, सव्वादोनला परत आलो तर हँडल अर्धवट बंद. सकाळची पाळी त्याची, दीडला सुटते, पण त्यानंतरही ट्रकजवळ मला शिट्टी ऐकू आली. दिवसभर तोंडाने शिट्टी, लक्ष कुठेतरी भलतीकडे. मी फोन केला तर म्हणतो, मी त्या हँडलला बोटसुद्धा लावलं नाही, आईची शपथ. हा दर आठवड्याला कशासाठी तरी आईची शपथ घेतो. आज लिहूनच टाकतो. जाऊ दे त्याला कॅन धुवायला.

भिंगरी: पण तो शिट्टी नाही वाजवू शकणार तिकडे. तिथे वाफ असते ना. तोंडात जाते.

मामा: मग गप्प धुवेल.

भिंगरी: त्यानेच मला दोन बोटांची शिट्टी शिकवली.

मामा: बघ, कामाच्या वेळेत हे धंदे.

भिंगरी: आणि दोन फेऱ्यांनी एवढं काय बिघडतं?

(आजी भिंगरीकडे वळून बघते.)

मामा: दोन फेऱ्यांनी? सगळंच बिघडतं. ते हँडल म्हणजे बाहेरचं दार आहे. दोन फेरे बंद केलं की आत दाब वाढतो, आणि दुधाचं भिंतीजवळून पळणं मंदावतं. एरवी पळणारं दूध भिंतीवरची गर्दी सारखी झाडून नेत असतं. ते मंदावलं की गर्दी बसतेच.

आजी: बरोबर सांगितलंस. तुला एवढं येतं, मग पंप का वाढवलास?

मामा: घाबरलो.

आजी: हं. भिंगरी, स्पंजांवरचा हात काढ आता. हात दुखेल.

भिंगरी: काढला. बघ, फुगतायत. पाणी परत पितायत. आजी, दुधातले पण असेच फुगतात?

आजी: बहुतेक वेळा. त्यांच्या अंगावर बारीक केसांसारखं काहीतरी असतं. ते केस शेजारच्याला म्हणतात, जरा लांब राहा.

भिंगरी: मामाच्या दाढीसारखे?

आजी: अगदी. तू मामाच्या गालाला गाल लावतेस का?

भिंगरी: नाही. टोचतं.

आजी: म्हणून तुम्ही दोघं चिकटत नाही. दाब गेला की ते गोळे पाणी पितात, अंग ताठ करतात, एकमेकांपासून सुटतात, आणि हळूच वाहणाऱ्या दुधात एक एक करून परत निघून जातात. मात्र फार जोरात, फार वेळ दाबून ठेवलं तर ते केसही दबतात. मग गोळ्याला गोळा लागतो आणि पापुद्राच तयार होतो. तो सोडला तरी सुटत नाही.

भिंगरी: फार वेळ म्हणजे किती?

आजी: ते आपल्याला आत्ता कळेल. म्हणून तर थांबलोय.

मामा: आठच मिनिटं झालीत. जरासा वाढवून बघू का? थोडाच.

आजी: खिसे.

मामा: घातले.

भिंगरी: आजी, तुझ्या वेळी कधी झाला होता का पापुद्रा?

आजी: झाला होता. माझ्याच हातून.

मामा: तुझ्या हातून? इथे अजून लोक तुझं उदाहरण देतात. पंचवीस वर्षांत एक नळी खराब केली नाही म्हणून.

आजी: लोकांना काय, देतात. मला लवकर घरी जायचं होतं, म्हणून मी सकाळभर दाबत राहिले. दुपारी नळ्या उघडल्या तर आत भिंतीला ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी चिकटलेलं. तेव्हाच्या साहेबांनी विचारलं, काय झालं? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, आज दूधच वेगळं आलंय, गायींना काहीतरी झालंय.

भिंगरी: गायींवर ढकललंस?

आजी: गायींवर ढकललं. मला वाटलं, गायी काय बोलणार? पण साहेब पक्के. त्यांनी गुरांचा डॉक्टर बोलावला. एक्केचाळीस गायी. सगळ्यांचा ताप मोजला.

मामा: थांब. ज्या दिवशी डॉक्टरांना लाथ बसली होती, तो दिवस?

आजी: तोच.

मामा: आई, मी सहा वर्षांचा होतो. मला शेपट्या धरायला उभं केलं होतं. एक्केचाळीस शेपट्या धरल्या मी. सतराव्या गायीने माझ्यावर काय केलं ते तुला माहितेय. तू म्हणालीस, बाळा, हे विज्ञानाचं काम आहे.

आजी: अंघोळ मीच घातली ना नंतर.

मामा: आणि हे तू मला आज सांगतेस? बत्तीस वर्षांनी?

आजी: सांगणार होते. डॉक्टरांचा गुडघा बरा झाला की सांगू असं ठरवलं. बरा झाला. मग म्हटलं, पुढच्या आठवड्यात. अशा गोष्टी जितक्या दाबाव्यात तितक्या घट्ट बसत जातात, आणि मग खरवडायला फार कष्ट पडतात. साहेब पुढे बदलून गेले. आता कोणाला सांगू? गायींनासुद्धा सांगता येत नाही.

भिंगरी: त्या गायी रागावल्या होत्या का?

आजी: सतरावी रागावली असावी.

मामा: तेरा मिनिटं.

आजी: दोन मिनिटं थांब. मी तुला काही विचारलं का, भिंगरी?

भिंगरी: नाही.

आजी: नाही ना. मी विचारणारही नाही. तू माझ्याजवळ बस फक्त, बादली सरकव इकडे.

भिंगरी: आजी, जेव्हा आत गर्दी होते तेव्हा पहिल्यांदा पाणी जास्त येतं का?

आजी: पहिल्यांदा येतं. थोडा वेळ.

भिंगरी: म्हणजे कोणी हँडल फिरवलं आणि त्याला वाटलं की छान झालं, धार मोठी झाली, आता काम लवकर संपेल, तर तो वेडा नाही ना?

आजी: मुळीच नाही. त्याने जे पाहिलं ते खरंच होतं. तो फक्त लवकर निघून गेला. आणखी दहा मिनिटं बघत बसला असता तर त्याला पुढचंही दिसलं असतं.

मामा: पंधरा. झाली पंधरा. आता?

आजी: आता हळूहळू हँडल फिरव. एकदम नको. काटा एकवर आला की थांब. भिंगरी, तो एक लिटरचा मग धारेखाली धर आणि मोठ्याने आकडे मोज. नव्या नळ्यांना भरायला चाळीस लागतात. मघाशी किती लागले होते?

मामा: एकशे ऐंशी. मग मी मोजणंच सोडलं.

भिंगरी: धरला. एक, दोन, तीन... मामा, श्वास घे... सहा, सात...

मामा: टपटपतंय अजून.

आजी: मोजू दे तिला.

भिंगरी: ...सोळा, सतरा, आजी, धार आली. आधी दोऱ्याएवढी होती, आता पेन्सिलीएवढी झाली... एकोणीस, वीस...

मामा: आली. आई, आली ग.

भिंगरी: ...एकोणपन्नास, पन्नास, एक्कावन्न. भरला. एक्कावन्नला भरला.

आजी: चाळीस नाही, पण एक्कावन्न वाईट नाही. जे थोडं उरलंय ते संध्याकाळी धुण्यात निघेल. आणि आज सहाऐवजी पाच कॅन होतील. ताईंना खरं सांग, त्या समजून घेतील.

मामा: नळ्या वाचल्या. बस्स. आता ते पत्र लिहितो, साडेतीन होतील. "मॅडम, चौकशीअंती असे आढळले की सकाळच्या पाळीतील कर्मचाऱ्याने"...

भिंगरी: मामा, ते नको लिहूस.

मामा: का?

भिंगरी: शिट्टीवाल्याने नाही केलं.

मामा: तुला काय माहीत?

भिंगरी: ...

मामा: सांग ना. कोणी केलं? तू पाहिलंस? बोल पटकन. कोण आलं होतं इथे? भिंगरी, मी तुझ्याशी बोलतोय, तोंड शिवलंय का तुझं?

आजी: अरे, काटा चारवर गेला तुझा.

मामा: कुठे? एकवरच तर आहे.

आजी: तो नाही. तुझा.

मामा: ...बरं. घातले खिशात.

आजी: बस जरा. त्या स्टुलावर. सगळेच बसू.

मामा: बसलो.

भिंगरी: तू मागच्या रविवारी म्हणालास, सायकल शिकवीन. मग चीजचे कॅन आले. त्याच्या मागच्या रविवारी पंप बिघडला. आज तू म्हणालास, हे चार वाजता संपलं की नक्की. मग तू ट्रककडे गेलास. मला वाटलं, हे तीनला संपलं तर आपल्याला एक तास जास्त मिळेल. मी तुला रोज ते काळं हँडल फिरवताना बघते. तू इकडे फिरवलंस की पाणी जास्त येतं. म्हणून मी दोन फेरे फिरवले. शिट्टीवाला तेव्हा निघून गेला होता. आणि मग मी बाहेर जाऊन शिट्टी वाजवायची प्रॅक्टिस करत होते.

मामा: म्हणजे मी ट्रकजवळ ऐकली ती शिट्टी...

भिंगरी: माझी.

मामा: मी तर त्या शिट्टीवरूनच म्हटलं की तो इथेच होता. फोनवर त्याला हेच सुनावलं. बिचारा म्हणत होता, मी घरी पोचलोय, जेवतोय, मागे चमच्याचा आवाज येतोय तो ऐका. मला वाटलं, मुद्दाम वाजवतोय.

भिंगरी: तू रागावलास का?

मामा: कळत नाही. थांब जरा. ...दोन फेरे तुझे. दीडवरून अडीचवर तू नेलास. अडीचवरून चारवर कोणी नेला?

भिंगरी: तू.

मामा: मी. आणि मला सगळं येत असताना. आई, हसू नकोस.

आजी: मी कुठे हसतेय? मी सतराव्या गायीचा विचार करतेय.

मामा: हे पत्र फाडतो. नवं लिहितो. "हँडल नऊ वर्षांच्या मुलीने फिरवले, कारण खोलीला कुलूप न लावता मी ट्रककडे गेलो. पंप मी वाढवला." कॅन तर कॅन. हात तयारच आहेत.

भिंगरी: मला कॅन धुता येतात. छोटे.

आजी: तिथली वाफ तुला सोसायची नाही. आणि शिट्टीही वाजणार नाही.

भिंगरी: मामा, तुझा फोन दे.

मामा: कशाला?

भिंगरी: तू पत्र लिहिपर्यंत. आधी शिट्टीवाल्याला लावू की मॅडमना?

आजी: साडेतीनची मुदत कोणाची आहे?

भिंगरी: मॅडमची. हा नंबर ना? ...हॅलो. मला मॅडमशी बोलायचंय. मी फिल्टरच्या खोलीतून बोलतेय. नाही, कामाला नाही, मी भाची आहे. काळ्या हँडलबद्दल बोलायचंय. दुसऱ्या फोनवर आहेत का? नाही नाही, त्यांना घाई करू नका. मी थांबते.